बाथरूमची फळी पुन्हा पुन्हा पडते? आधी तिची पाठ बघा

चिकटवलेली फळी पडली की आपण फुटलेलं गोळा करतो, चरफडतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवी फळी चिकटवतो. चार-सहा महिन्यांनी तीही पडते. माझी कळकळीची विनंती आहे, नवी आणण्याआधी पडलेली फळी उलटी करून तिची पाठ बघा आणि ती जिथून सुटली त्या टाइलवरून बोट फिरवा. ती का पडली हे बहुतेक वेळा तिथंच कळतं.

आमचं घर पुण्यात सिंहगड रोडला, जुन्या इमारतीत. बाथरूम चार फूट बाय साडेसहा फूट. त्यात कमोड, बेसिन, गीझर, बादली, चौरंग आणि पाच माणसांच्या बाटल्या. बंद कपाट बसवलं तर दार पूर्ण उघडत नाही, म्हणून उघड्या फळ्यांवाचून गत्यंतर नव्हतं. तीन वर्षांत चार फळ्या पडल्या. चौथी पडली तेव्हा सासूबाई खाली चौरंगावर आंघोळीला बसल्या होत्या. लिटरभर शाम्पूची बाटली त्यांच्या खांद्याला घासून गेली. थोडक्यात निभावलं. पण त्या दिवशी मी ठरवलं, आता आधी कारण शोधायचं, खरेदी नंतर.

त्या शोधात जे हाती लागलं आणि नंतर माहेरी, शेजारी, मैत्रिणींकडे पाच-सहा बाथरूममध्ये जे करून पाहिलं, ते इथं लिहिते आहे. खर्चाचे आकडे मी स्वतः मोजलेल्या पैशांचे आहेत, दुकानागणिक थोडंफार इकडंतिकडं होईल.

पाठ काय सांगते

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार असा: चिकटपट्टी फळीला जशीच्या तशी आहे आणि टाइल कोरी. म्हणजे पट्टीनं टाइलला धरलंच नव्हतं. तिनं धरलं होतं टाइलवरच्या थराला. बाथरूमच्या टाइलवर साबणाचा आणि क्षारांचा एक पातळ थर कायम असतो, डोळ्यांना दिसत नाही. ज्या भागात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथं तो जास्तच. त्यात आपल्या घरांत तेल. रविवारी डोक्याला तेल, बाळाची मालिश, दिवाळीत अभ्यंग. तेलाचा हात भिंतीला लागतो, तेलाचे शिंतोडे उडतात आणि गरम पाण्याच्या वाफेबरोबर ते सगळीकडं पसरतं.

हे तपासायला एक अगदी सोपी युक्ती आहे. टाइलवर ओंजळभर पाणी मारा. पाणी सलग पातळ पसरलं आणि तसंच राहिलं तर टाइल स्वच्छ. पाण्याचे थेंब होऊन वेगवेगळे उभे राहिले, अळूच्या पानावर राहतात तसे, तर अजून तेलकट आहे. आमच्याकडे मी भांड्यांच्या साबणानं दोनदा घासल्यावरही थेंबच उभे राहिले. तिसऱ्यांदा व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवलं, क्षार सुटले, मग पुन्हा साबण, मग पाणी पसरलं. (व्हिनेगर साध्या चकचकीत टाइलला चालतं. कडप्पा किंवा मार्बल असेल तर लावू नका, त्यावर डाग पडतात.) घासल्यावर कोरडं पुसायचं, आणि शेवटी औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन एकाच दिशेनं पुसून घ्यायचं. सॅनिटायझर वापरू नका. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी घातलेलं असतं, त्याचा थर राहतो आणि आपण परत पहिल्या पायरीवर येतो.

दुसरा प्रकार: अर्धी चिकटपट्टी टाइलवर, अर्धी फळीवर, मध्ये च्युइंगमसारखे ताणलेले धागे. इथं पृष्ठभाग ठीक होता, पण एकतर ओझं जास्त झालं किंवा पट्टीला पकड घ्यायला वेळ दिला नाही. या पट्ट्या लावल्या लावल्या पूर्ण चिकटत नाहीत. अर्धा-एक मिनिट जोरात दाबून धरायचं, मग निदान 24 तास काहीही ठेवायचं नाही. पूर्ण ताकद यायला साधारण 72 तास लागतात, आणि तेवढा वेळ ती जागा कोरडी हवी. एकच बाथरूम असलेल्या घरात हे कसं जमायचं, हा प्रश्न मलाही पडला. आम्ही मे महिन्यात तीन दिवस गावाला गेलो, निघायच्या आदल्या रात्री फळी लावली आणि बाथरूमचं दार उघडं ठेवून गेलो. तुम्ही गणपतीला कोकणात जात असाल तर ती संधी साधा, पण खरं तर एप्रिल-मे हाच यासाठी उत्तम काळ. जुलैत पुण्याच्या हवेत टाइल कोरडी होतच नाही. वरून पुसली तरी सांध्यांमधली ओल तशीच राहते आणि पट्टीच्या कडेनं आत शिरते. फळ्या पावसाळ्यात पडतात त्याचं मोठं कारण हेच. पट्टीची कड पांढरी पडून फुगलेली, जेलीसारखी मऊ लागली तर समजायचं की पाणी मागं शिरलं होतं.

तिसरा प्रकार ओळखायला सोपा: वरची कड आधी सुटलेली, खालची अजून चिकटलेली, फळी मान टाकल्यासारखी पुढे झुकलेली. हे ओझ्यापेक्षाही फळीच्या रुंदीमुळे होतं. फळी भिंतीपासून जितकी पुढे येते तितका तिच्यावरचा भार वरच्या कडेला भिंतीपासून सोलायला बघतो. तेच सामान तीन इंची फळीऐवजी सहा इंची फळीवर मधोमध ठेवलं तर ही ओढ दुप्पट होते. चिकटपट्टी खाली सरकायला बराच विरोध करते, पण सोलून निघायला फारसा करत नाही. भिंतीवरचं पोस्टर आपण कसं काढतो ते आठवा, कोपरा धरून सोलतो. म्हणून चिकटवायची फळी चार इंचांपेक्षा रुंद घेऊ नका. बाटली उभी राहायला तेवढं पुरतं.

आणि फळीबरोबर टाइलचाच तुकडा आला असेल, तर फळीचा काही दोष नाही. टाइल मागून सुटलेली आहे. रुपयाचं नाणं घेऊन आजूबाजूच्या टाइलवर टकटक करा. भरीव टाइल ‘टक्’ वाजते, पोकळ टाइल ‘डब’ असा आवाज करते. पोकळ टाइलवर काहीही टांगायचं नाही, आणि भोक तर मुळीच पाडायचं नाही.

रबरी चोषकाच्या, म्हणजे सक्शनच्या रॅकबद्दल फार लिहीत नाही. ती बाहेरच्या हवेच्या दाबावर तगून असतात. सांध्याच्या रेघेतून हवा आत शिरते, आंघोळीच्या गरम वाफेनं आतली उरलीसुरली हवा फुगते आणि रबर मऊ पडतं, वर्षभरात ते कडकही होतं. ब्रश, वस्तरा, अंग घासायची घासणी यांच्यापुरती ठीक आहेत. त्यावर बाटल्या ठेवू नका.

ओझं खरोखर मोजा

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि आमच्या एका फळीवरचं सगळं त्यावर ठेवलं. शाम्पू, कंडिशनर, खोबरेल तेलाची बाटली, उटण्याचा डबा, हॅन्डवॉशचं रिफिल, दोन साबण, लेकीचं खेळणं. 4 किलो 300 ग्रॅम. फळीच्या खोक्यावर जे वजन छापलेलं होतं ते त्याहून जास्त होतं, पण ते वजन कोरड्या, स्वच्छ, सपाट काचेवरचं असतं, आपल्या न्हाणीतल्या भिंतीवरचं नाही. मी तेव्हापासून छापलेल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच जाते. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, पण त्यानंतर एकही पट्टी सुटलेली नाही.

टॉवेल विसरू नका. अंगाचा जाड सुती टॉवेल कोरडा असताना अर्धा किलोच्या आत होता, पिळून टांगला तेव्हा किलोच्या वर गेला. फळीच्या खाली आयता हूक दिसला की आपण ओला टॉवेल अडकवतोच. फळीला हूक असतील तर ते काढूनच टाका.

रद्दीची परीक्षा

सर्वांत मोठी चूक मी वर्षानुवर्षं करत होते ती जागेची. फळी हाताशी हवी म्हणून ती नळाच्या वर, पाणी सगळ्यात जास्त उडतं तिथं लावायची. एका रविवारी मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या आणि सेलोटेपनं चारही भिंतींवर दोन फूट, चार फूट आणि सहा फूट उंचीवर चिकटवल्या. सकाळच्या पाचही आंघोळी झाल्यावर जाऊन बघितलं.

नळाच्या बाजूच्या दोन भिंतींवर दोन फुटांची पट्टी भिजून लोंबत होती, चार फुटांचीही ओली. शॉवर घेणाऱ्यांमुळे एका भिंतीवरची सहा फुटांची पट्टीसुद्धा. पण दारामागच्या भिंतीवरची चार आणि सहा फुटांची पट्टी कोरडी होती, नुसती वाफेनं थोडी मऊ पडलेली. कमोडच्या टाकीच्या वरची भिंत कोरडी. दाराच्या चौकटीच्या वर, सात फुटांपासून छतापर्यंत, तर कागद कडकडीत. ही तीन ठिकाणं आम्ही इतकी वर्षं रिकामी ठेवली होती आणि सगळं ओझं ओल्या भिंतीवर लादलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे असं चालतं. ओल्या भिंतीवर एकच छोटी जाळीची फळी, साबण आणि चालू असलेली एक बाटली. जाळीचीच, कारण सपाट फळीवर पाणी साचतं, त्यात साबण विरघळतो आणि आठवड्यात खाली बुळबुळीत थर धरतो. बाकी सगळं कोरड्या भिंतीवर. टाकीच्या वर दोन फळ्या, एक हँडवॉश-पेपरसाठी आणि एक टॉवेलच्या घड्यांसाठी. दात घासायचे ब्रश मात्र कमोडपासून लांब बेसिनपाशीच. जास्तीचे साबण, न उघडलेली रिफिलं, दाराच्या वरच्या फळीवर. औषधं बाथरूममध्ये ठेवतच नाही, दमट हवेत ती खराब होतात.

टाकीच्या फळीबद्दल एक सूचना. टाकीच्या झाकणापासून फळीपर्यंत निदान हातभर जागा सोडा. आत काही बिघडलं तर प्लंबरला झाकण उचलता आलं पाहिजे. माझ्या मैत्रिणीकडे दहा इंचांवर फळी होती, ती उतरवल्याशिवाय टाकी उघडेना.

स्क्रूची फळीसुद्धा निघते तेव्हा

आमची तिसरी फळी स्क्रूची होती. तीही गेली, गिट्टीसकट, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात घालतात त्या प्लॅस्टिकच्या नळीसकट बाहेर आली. तेव्हा मला वाटलं भिंतच भुसभुशीत आहे. तसं नव्हतं.

ब्रॅकेट घेऊन मी बोहरी आळीत गेले. दुकानदार काकांनी ब्रॅकेटबरोबर आलेला स्क्रू बोटांत धरला आणि विचारलं, “ताई, टाइलच्या मागं माल किती जाड आहे?” मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, “मग हा लांडा स्क्रू कुणाला धरणार? टाइल आणि माल संपेपर्यंत हाच संपतोय.”

घरी येऊन जुन्याच भोकात बारीक तार घालून बघितलं, मग शेजारी नवं भोक पाडताना पडणारी भुकटी बघत बसले. आधी टाइलची पांढरी भुकटी, मग सिमेंटच्या मालाची करडी, आणि जवळजवळ 28 मि.मी. आत गेल्यावर विटेची लाल. बरोबर आलेला स्क्रू होता 30 मि.मी.चा. म्हणजे तो विटेपर्यंत जेमतेम टेकला होता, धरलं होतं फक्त मालानं. रोजच्या हिसक्यांनी तो माल भुगा होत गेला.

भुकटीचा रंग ही भिंतीची ओळखच आहे. लाल आली तर वीट, साधी गिट्टी उत्तम बसते. करडी आणि ड्रिल अडखळत, किंचाळत चाललं तर काँक्रीट. काही नव्या टॉवरमध्ये भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, तिथं फिरता फिरता ठोकणाऱ्या हॅमर ड्रिलशिवाय जमत नाही, पण एकदा बसलं की पक्कं. फिकट राखाडी, पिठासारखी मऊ भुकटी भराभर निघाली तर हलक्या ब्लॉकची भिंत. त्यात साधी गिट्टी सैल होते, दुकानात ‘एएसी ब्लॉकसाठी’ असं सांगून लांब नायलॉनची मागायची.

आता भोक पाडण्याबद्दल सविस्तर, कारण टाइल तडकण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती रास्त आहे.

जागा ठरवताना नळ, शॉवर, गीझर यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन नळांच्या मधल्या आडव्या रेषेत हात लावू नका. भिंतीतले पाइप बहुधा तिथूनच जातात. स्विचच्या आणि गीझरच्या पॉइंटच्या वरखालीही नाही, तिथं वायर असते. गीझरचा एमसीबी पाडून ठेवा, जमीन कोरडी करा, पायात रबरी चप्पल घाला.

टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत भोक घ्या. चार टाइल जिथं मिळतात तो कोपरा सर्वांत नाजूक. खुणेवर कागदी मास्किंग टेपची फुली मारा, म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद. भाल्यासारखं टोक असलेलं टाइलचं बिट लावून सावकाश, न रेटता टाइल पार करायची. करडी भुकटी आली की टाइल संपली. आता बिट बदलून भिंतीचं लावायचं आणि लागलाच तर हॅमर सुरू करायचा. चार इंची विटेच्या भिंतीत मी हॅमर जपूनच वापरते, पलीकडे स्वयंपाकघराचा गिलावा आहे. किती आत जायचं ते बिटवर टेपचं वेढं मारून आधीच खूण करा. आमच्यासाठी 65 मि.मी., 8 मि.मी. जाडीची 50 मि.मी. लांब गिट्टी आणि 60 मि.मी.चा स्टीलचा स्क्रू.

आणि ही गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून ठळकपणे सांगते: गिट्टी टाइलच्या तोंडाशी ठेवू नका. स्क्रू आवळला की गिट्टी फुगते, फुगणारा भाग टाइलच्या जाडीत असेल तर टाइल आतून फाकते आणि तडकते. भोक नीट पाडलं, गिट्टी ठोकली, सगळं छान, आणि शेवटच्या वेढ्याला ‘टिक्’ आवाज येऊन केसासारखी चीर जाते, ती यामुळे. जुना स्क्रू टेकवून हलक्या हातोडीनं गिट्टी टाइलच्या मागं, चांगली सेंटिमीटरभर आत ढकला.

गिट्टी घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरा आणि स्क्रू आवळल्यावर ब्रॅकेटच्या कडेनंही बोट फिरवा. भोकातून पाणी टाइलच्या मागं गेलं तर ते उतरत उतरत खालच्या मजल्यावरच्या छतावर उमटतं, आणि मग सोसायटीच्या सभेत तो विषय किती वर्षं चालतो हे पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लानं धातू गंजतो. न्यूट्रल मागायचं. ट्यूब मला 240 रुपयांना पडली, पाच भोकं आणि बेसिनची कड होऊन अर्धी उरली.

सैल झालेल्या जुन्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबायची जुनी पद्धत आहे. कोरड्या खोलीत चालते, बाथरूममध्ये लाकूड फुगतं आणि मग कुजतं. त्यापेक्षा भोकातला भुगा फुंकून, पुसून काढा, दोन भागांचं एपॉक्सीचं लुगदीसारखं मळलेलं सील ठासून भरा, एक दिवस वाळू द्या आणि नव्यानं भोक घ्या. जी भोकं परत नकोत ती पांढऱ्या सिमेंटनं बुजवून वरून सिलिकॉन.

गंज

स्टीलची म्हणून घेतलेली रॅक दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके धरते. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणजे अस्सल. हे अर्धंच खरं आहे. चुंबक चिकटला तर ते स्टील ओल्या जागेसाठी नको, इतपत कळतं. पण स्टेनलेस स्टीलच्या चांगल्या 304 ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि स्वस्तातल्या 202 लाही नाही. न्हाणीसाठी 304 हवं. ते पावतीवर लिहून मागा, लिहून द्यायला दुकानदार कां-कू करत असेल तर उत्तर मिळालं.

पण आमची रॅक 304 ची होती, तरी गंजली. मी महिनाभर चक्रावले. मग एकदा रॅक पुसताना लक्षात आलं, ठिपके फक्त खालच्या कप्प्याच्या उजव्या कोपऱ्यात दाट आहेत आणि तिथून लांब जावं तसे विरळ होतात. त्या कोपऱ्यात संडास धुवायच्या ॲसिडची बाटली ठेवलेली असे, बूच सैल. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची वाफ बुचातून हळूहळू निघत राहते, आणि क्लोराइड म्हणजे स्टेनलेस स्टीलचा वैरी. बाटली खाली कोपऱ्यात, बंद डब्यात, लेकीचा हात पोचणार नाही अशी ठेवली. ठिपके घासून काढले, ते पुन्हा आले नाहीत. ॲसिडशेजारी ब्लीचिंगची बाटलीही कधी ठेवू नका. ती दोन्ही एकत्र सांडली तर क्लोरीन वायू निघतो, एवढ्याशा बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

फळी कशाची

लाकडी हवी असेल तर साधा कमर्शियल प्लाय नको, कडा फुगून पानं सुटतात. आयएस 710 छापलेला मरीन प्लाय, तोही कापलेल्या कडा सील करून. मला पीव्हीसी फोमशीट जास्त आवडलं. करवतीनं घरी कापता येतं, कुजत नाही, आणि दीड फूट लांब, पाऊण इंच जाड फळी अर्धा किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच मापाचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा अडीच किलोच्या पुढे जातो, म्हणजे एकही बाटली न ठेवता स्क्रूवर अडीच किलो. दगडच हवा असेल तर भिंतीत खाच घेऊन बसवा, जुन्या घरांत कोपऱ्यात कडप्पा बसवलेला असतो तसा. त्यासाठी नवा दगड घ्यायची गरज नाही. कात्रज-कोंढवा रस्त्यावर मार्बल-ग्रॅनाइटची दुकानं आहेत, तिथं उरलेले तुकडे विचारा. मला पावणेदोन फुटांचा तुकडा 150 रुपयांत कड घासून मिळाला. बुरूड आळीतल्या बांबूच्या टोपल्या दिसायला देखण्या, पण त्या कोरड्या भिंतीवरच, नाहीतर पहिल्याच श्रावणात बुरशी धरतात.

भाड्याच्या घरात

घरमालक भोक पाडू देत नसतील तर भिंतीचा नाद सोडा. माझ्या भावाच्या खोलीत आम्ही दोनच गोष्टी केल्या. तुळशीबागेतून आठ इंच रुंदीची तीन कप्प्यांची उभी रॅक, कमोड आणि भिंतीच्या मधल्या फटीत. पायांच्या रबरी टोप्या पहिल्याच महिन्यात निघाल्या आणि फरशीवर गंजाचे गोल डाग पडले, मग प्रत्येक पायाखाली पाण्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं. आणि दाराच्या वरून अडकवायची पट्टी, फक्त कपड्यांसाठी. जमीन आणि छताच्या मध्ये स्प्रिंगनं ताठ राहणारा कोपऱ्यातला खांबही मिळतो. तो घ्यायचा तर आधी वर बघा. पीओपीचं किंवा पीव्हीसीचं खोटं छत असेल तर तो ते वर ढकलेल.

चौथी फळी

आमची चौथी फळी मात्र वरच्या कुठल्याच कारणात बसत नव्हती. टाइल स्वच्छ होती, लावल्यावर तीन दिवस फळी रिकामी होती, वजनही बेताचं होतं. पाठ बघितली तर पट्टी ताणून तुटलेली, पण एकाच बाजूला, डाव्या. फळी उलटीसुलटी करताना तिच्या पुढच्या डाव्या कडेला बोटं लागली. तिथला खरखरीत रंग चार बोटांच्या रुंदीइतका गुळगुळीत झाला होता आणि थोडा तेलकट.

सासूबाई चौरंगावरून उठताना तिथं हात टेकत होत्या. रोज. गुडघे दुखतात, जमीन ओली, आधाराला दुसरं काही नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. फळी बाटल्यांनी पडली नव्हती, त्यांच्या अंगाचा भार घेऊन पडली होती. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हाताशी होती म्हणून धरत होते.”

घरात वडीलधारं कुणी असेल तर आजच फळीची, टॉवेलच्या दांडीची, नळाची पुढची कड बोटानं चाचपून बघा. तिथं गुळगुळीत झालं असेल तर तुम्हाला फळीची नाही, धरायच्या दांडीची गरज आहे. आम्ही फूटभर लांबीची 304 ची दांडी आणली, 450 रुपये. दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रू, सगळे विटेत पुरते गेलेले, सिलिकॉन भरून. उंची मोजमापानं ठरवली नाही. सासूबाईंना कपड्यांसकट चौरंगावर बसवलं, उठायला सांगितलं, आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवर जिथं गेला तिथं पेन्सिलीनं खूण केली. बसवल्यावर आधी मी माझा पूर्ण भार टाकून लोंबकळून बघितलं, मग त्यांना हात लावू दिला.

चौरंगाच्या वरच्या भिंतीवर आता दांडीखेरीज काही नाही. शाम्पू दारामागच्या फळीवर गेलाय. आंघोळीला बसायच्या आधी सासूबाई तो स्वतःच काढून खाली बादलीशेजारी ठेवतात.